वाढीव उंबरठा

बाळंतपणानंतर सुतळी पुन्हा मैदानावर आली, तेव्हा क्लबातल्या मुली तिला गमतीने दोरखंड म्हणू लागल्या. तीही हसली, पण ते तिला लागलं. पूर्वी ती पुढच्या गटात पळायची. आता सरांनी सगळ्यांनाच सांगून ठेवलं होतं की कोणी कुठल्या गटात पळायचं ते रक्ताच्या टेस्टवर ठरेल.

ती टेस्ट करायची सुतळीची नणंद. खेळाडूंच्या लॅबमध्ये ती तंत्रज्ञ होती. ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि दर टप्प्याला कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. स्नायू राबले की रक्तात लॅक्टेट येतं. शरीर ते वापरत राहतं, पण एका वेगापुढे त्याला झेपत नाही आणि आकडा झपाट्याने चढतो. तो वेग म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. सर सगळा सराव त्यावरून बेतायचे. बराचसा त्याच्या अलीकडे, थोडाच त्याच्यावर.

अंगातली साखर संपवून गेलं की लॅक्टेट कमी दिसतं आणि उंबरठा खोटाच वर सरकतो, हे सुतळीने कुठेतरी ऐकलं होतं. टेस्टच्या आदल्या दिवशी तिने जीव जाईस्तोवर सायकल हाणली. मग भात-पोळी टाळून नुसत्या उकडलेल्या अंड्यांवर राहिली. नवऱ्याला म्हणाली, पोट बिघडलंय.

"वहिनी, नीट जेवलीस ना?" सुई टोचण्याआधी नणंदेने विचारलं.

"पोटभर."

आलेख पाहून नणंदेला कोण आनंद झाला. तिने घामाने निथळणाऱ्या भावजयीला तशीच मिठी मारली. सुतळी पुढच्या गटात गेली.

तिथे इतरांना जे रमतगमत पळणं होतं, ते तिच्यासाठी फरफट होती. पाय कायम जड. झोप उडाली. लेकीवर ती विनाकारण खेकसू लागली. निवड शर्यतीत तर अर्ध्यातच चालू लागली. सर तिला घेऊन तडक लॅबमध्ये आले आणि सगळ्यांसमोर नणंदेला म्हणाले, तुमच्या भोंगळ कामापायी माझी धावपटू मोडली.

नणंदेने त्यांच्यासमोर यंत्र तपासलं. आकडा बरोबर आला. तरी ती म्हणाली, "त्या दिवशी माझंच काहीतरी चुकलं असेल."

सुतळी तिथेच उभी होती. कान तापले, नजर बुटांवरून हलेना. आता बोलू, आता बोलू म्हणेपर्यंत सर निघालेसुद्धा. क्लबच्या टेस्ट त्यांनी दुसरीकडे न्यायचं ठरवलं.

रविवारी नणंद घरी आली. ती भाचीला भरवत असताना भाऊ तिला म्हणाला, अगं, कामात जरा लक्ष देत जा.

"दादा, मी रोज तेच आठवत बसते रे," ती म्हणाली. "कुठे चुकलं तेच सापडत नाही."

सुतळीने ताट बाजूला सारलं. "तिचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम अंगातली साखर संपवून गेले होते. आकडा चांगला यावा म्हणून."

नणंदेने चमचा खाली ठेवला. "सर मला बोलत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस, वहिनी."

"होते."

नणंदेने भाचीचं तोंड पुसलं, तिला भावाच्या मांडीवर दिलं आणि पर्स उचलून ती निघून गेली. नवरा लेकीला उचलून आत गेला. तो चार शब्द बोलला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर, सगळ्या मुलींच्या देखत, तिने सरांना खरं सांगितलं. सरांनी तिला त्या हंगामापुरतं संघातून काढलं. मग लॅबमध्ये जाऊन त्यांनी नणंदेची माफी मागितली आणि क्लबच्या टेस्ट पुन्हा तिच्याकडेच दिल्या.

सुतळीचीही पुन्हा टेस्ट झाली. "शेवटचं कधी खाल्लंत? काय खाल्लंत?" नणंदेने विचारलं, परक्या खेळाडूला विचारावं तसं. उंबरठा बराच खाली निघाला. सुतळी मागच्या गटात पळू लागली आणि हळूहळू पाय हलके झाले, झोप लागू लागली.

नणंद अजूनही भाचीला भेटायला येते. सुतळी मैदानावर गेलेली असते, नेमकी तीच वेळ साधून.