रेनकोटवाले

इंजिनिअर अजून इंजिनिअर झालेला नव्हता. पण लहानपणी त्याने अम्मीचा मिक्सर खोलला, परत जोडला, दोन स्क्रू उरले आणि तरी मिक्सर चालला. त्या दिवसापासून घरात त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. आता तो खरोखरच पूल बांधायचं शिकत होता, आणि कॉलेजच्या अदलाबदलीत एका सत्रासाठी परदेशी गेला होता. म्हणजे तिकडचं एक पोरगं इकडे, इकडचं एक तिकडे. तिकडून आलेल्याचं काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक. आपल्या पठ्ठ्याने मात्र पहिल्याच संध्याकाळी घोळ घातला.

त्याची राहायची सोय एका काका-काकूंकडे होती. काका शहराच्या बसवर ड्रायव्हर. काकूंची खाली लाँड्री, वर घर. काकू म्हणजे उत्साहाचा प्रेशर कुकर. पाहुणा येणार म्हणून त्यांनी पडदेसुद्धा इस्त्री केले होते. पोरगा हातपाय धुऊन टेबलावर बसला, तर समोर हा एवढा थोरला भाजलेला मांसाचा तुकडा. वाफा निघतायत, वास सुटलाय, आणि पोरगा विमानातल्या पावावर जगलेला.

आता आली का पंचाईत! मांस तो खायचा. नुसता खायचा नाही, हाडं पांढरीशुभ्र करून ठेवायचा. पण हलाल असेल तरच. आणि हे सांगायचं कसं? तिथली भाषा तो वर्गात शिकला होता. "ग्रंथालय किती वाजता उघडतं?" हे त्याला झोपेतसुद्धा विचारता आलं असतं. पण जनावर कसं कापायचं, कुणाचं नाव घेऊन कापायचं, हा धडा पुस्तकात नव्हता. काका-काकू आपले कौतुकाने बघतायत. पोरग्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी मांस खात नाही."

सुटलो, असं त्याला वाटलं. कसला सुटतोय!

काकूंचे डोळे चमकले. "तुमच्या धर्मात चालत नाही ना? आधी सांगायचं नाही का रे!" तुकडा परत गेला. दुसऱ्या दिवशी फ्रीज रिकामा झाला, जुनी पातेली शेजारणीकडे गेली, नवी आली. काकूंनी फतवाच काढला, "पोरगं आहे तोवर घरात मांसाचा वाससुद्धा नको. आपण त्याला घर म्हटलंय ना?"

आणि मग सुरू झाला फ्लॉवर. उकडलेला फ्लॉवर, भाजलेला फ्लॉवर, फ्लॉवरचं सूप, फ्लॉवरच्या वड्या. अधूनमधून बटाटा यायचा, पण तोही फ्लॉवरला सोबत म्हणून. काका ताटाकडे असे बघायचे, जणू डेपोने त्यांची बस काढून घेऊन हातात सायकल दिलीय. पण ब्र काढायची सोय नव्हती.

बाकी सगळं झकास चाललं होतं, खोटं कशाला बोला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो काँक्रीटचे ठोकळे बनवायचा आणि नंतर मशिनमध्ये दाबून फोडायचा. बनवायचं आपणच आणि फोडायचंही आपणच, वर त्याचे मार्क मिळतात, यापरतं सुख काय असतं? एकदा सगळा वर्ग रेल्वेने दूरचा एक झुलता पूल बघायला गेला. पोरं खिडकीसाठी भांडत होती. याने मात्र स्टेशनवर जिन्याखाली एक कोपरा हेरला, आणि तिथल्या हमालाने न विचारता पुठ्ठ्याचं खोकं फाडून खाली अंथरून दिलं. नमाज झाली, पूल बघून झाला, डबा उघडला. फ्लॉवर.

नमाजेचं त्याने काकूंना पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. काकूंनी लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत एक कोपरा मोकळा केला. दुकान चालू असताना तो तिथेच नमाज पढायचा. काकू त्याच्यासाठी पांढरी चादर कडक इस्त्री करून ठेवायच्या, आणि तेवढा वेळ वाफेचं मशिन बंद. गिऱ्हाईक आलं की ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "जरा हळू बोला. आमचं पोरगं आत आहे."

हे 'आमचं पोरगं' ऐकलं की त्याला बरं वाटायचं आणि लगेच टोचायचंही. ही बाई आपल्यासाठी एवढं करते आणि आपण तिला थाप मारून ठेवलीय. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता काकूंनी भाज्यांची तीन पुस्तकं विकत आणली. आता सांगायचं म्हणजे त्या पुस्तकांवर पाणी. आणि समजा त्या म्हणाल्या, "आमचं पोरगं असलं खोटारडं नाही," तर?

अम्मी फोनवर विचारायची, "काय जेवलास?"

"भाजी."

"काल?"

"भाजी."

"बरं वाटत नाही का तुला? डॉक्टरला दाखव."

अशात एके दिवशी तो काकांच्या बसमधून शहर बघायला निघाला. ड्रायव्हरच्या मागची सीट, फुकटची सहल. शेवटच्या स्टॉपवर काका म्हणाले, "तू बस इथे, मी पाय मोकळे करून येतो." गेले ते येईनात. पोरगा खाली उतरला, गल्लीत वळला, आणि नाकाने त्याला पुढे ओढत नेलं. एका खाटकाचं दुकान. काचेवर मोठ्या अक्षरात हलाल लिहिलेलं. बाहेर निखाऱ्यावर मटणाचे तुकडे चरचरतायत. आणि आत, भिंतीकडे तोंड करून, एक माणूस दोन्ही हातांनी हाणतोय.

काका!

पोरग्याला बघून काकांचा घास जागीच थांबला. "मी... मी इथे पत्ता विचारायला आलो होतो."

"तोंडाने की दातांनी?"

"तिला सांगू नकोस हं," काका गयावया करायला लागले. "आणि तुला या वासाचा त्रास होत असेल तर बाहेर थांब, मी पटकन..."

पोरगा सरळ आत शिरला. खुर्ची ओढली, बसला आणि काकांच्या ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला. काका बघतच राहिले. तुकडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी काकांनी ताट आपल्याकडे ओढलं.

"अरे, तू तर खात नाहीस ना?"

"खातो. इथलं खातो. हलाल आहे."

मग त्याने सगळा किस्सा सांगितला. आतून खाटीक हसत हसत बाहेर आला. मिशीवाला, गल्लीतल्या सगळ्या बातम्या ठेवणारा. "तू आहेस होय तो! मागच्या महिन्यात एक बाई कुठल्याशा लाँड्रीत ऐकून आली आणि मला सांगून गेली, तुमच्या लोकांत म्हणे मांसाला शिवत नाहीत. मी म्हटलं, बाई, मग मी इतकी वर्षं काय इस्त्री करून विकतोय?"

काकांनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे मी फुकट फ्लॉवर खाल्ला?"

"तुम्ही खाल्लात, मी पण खाल्ला," पोरगा म्हणाला. "आजच सांगतो काकूंना."

"खबरदार!" काका घाबरले. "मग ती विचारेल, आजच कसं सुचलं, आणि माझं खाणंही बाहेर येईल. जरा थांब. मी योग्य वेळ बघतो."

संसारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाची योग्य वेळ कधी येते? येतच नाही. पण गुरुवार मात्र नेमाने यायचा. दर गुरुवारी दोघे शेवटच्या स्टॉपवर.

अडचण एकच होती. काकूंचं नाक. लाँड्री चालवून ते इतकं तयार झालं होतं की शर्ट हातात घेतला की माणूस कुठे बसला, काय प्याला, कुणाच्या गळ्यात पडला, सगळं काकू सांगायच्या. निखाऱ्याचा धूर तर कोटाला चिकटला की आठवडाभर सुटत नाही. पण काकाही काही कच्चे नव्हते. डेपोतून मिळालेले दोन पिवळे रेनकोट त्यांनी बसच्या पेटीत ठेवले. स्वच्छ ऊन पडलेलं, आणि हे दोघे गळ्यापर्यंत बटणं लावून, डोक्यावर टोप्या ओढून मटण खातायत. खाटकाने त्यांचं नाव ठेवलं रेनकोटवाले. इतर गिऱ्हाइकं छताकडे बघायची, कुठे गळतंय का म्हणून.

आणि मग अम्मीने हट्ट धरला. "माझ्या पोराला सहा महिने जेवू घालणारी बाई मला बघायचीय. मला तिचे आभार मानायचेत." पोरग्याने नेट नाही म्हणून सांगितलं, परीक्षा आहे म्हणून सांगितलं, काकूंचा घसा बसलाय म्हणून सांगितलं. शेवटी एका रविवारी काकूंनीच फोन त्याच्या हातातून घेतला. "लाव. मलाही बोलायचंय तुझ्या आईशी."

इकडे काकू सोफ्यावर, शेजारी काका, मध्ये पोरगा. तिकडे पडद्यावर अम्मी, स्वयंपाकघरात. अम्मीला काकूंची भाषा येत नाही, काकूंना अम्मीची येत नाही. दुभाषा कोण? आमचे साहेब.

"ताईंना सलाम सांग," अम्मी म्हणाली. हे त्याने सरळ सांगितलं.

"विचार, याला मटण बरं मिळतं का तिथे?"

पोरगा काकूंकडे वळला. "अम्मी विचारतेय, हवा कशी आहे?"

"छान आहे म्हणावं. गार."

"मिळतं, छान मिळतं," त्याने अम्मीला सांगितलं. शेजारी काकांनी खाटकाकडे ऐकलेला 'मटण' शब्द ओळखला आणि त्यांना ठसका लागला.

"त्यांना सांग," अम्मी खुलली, "हा घरी असताना एक अख्खी तंगडी एकटा संपवतो. त्यांचे हाल झाले असतील."

"अम्मी म्हणतेय, मी लहानपणी फार चालायचो."

काकू कौतुकाने हसल्या. पोरग्याला घाम फुटला, पण नाव किनाऱ्याला लागतेय असं वाटायला लागलं. तेवढ्यात अम्मी म्हणाली, "थांब, त्यांना दाखवते, आज काय केलंय ते. तू आलास की पहिल्या दिवशी हेच करणार." तिने फोन चुलीकडे फिरवला, झाकण काढलं, रश्श्यात डाव घातला आणि तर्रीत न्हालेलं हातभर लांब हाड वर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मग आधी हाडाकडे बोट केलं, नंतर पडद्यातून थेट पोरग्याकडे, आणि बोटं ओठांना लावून मुका घेतला.

याचं भाषांतर कुणी करायची गरज नव्हती.

फोन कसाबसा बंद झाला. काकांनी खिडकीबाहेर काहीतरी अत्यंत महत्त्वाचं बघायला सुरुवात केली.

"तू खातोस," काकू म्हणाल्या.

"खातो, काकू." आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. हलाल म्हणजे काय, त्या दिवशी शब्द कसे सुचले नाहीत, नंतर जीभ कशी रेटली नाही. "रोज सांगायचं ठरवायचो. तुम्ही चादर इस्त्री करून द्यायचात, मग आणखीच लाज वाटायची. चुकलं माझं."

काकूंचा चेहरा पडला. "भाज्यांचं काही नाही रे. पण नमाजेचं तू सांगितलंस तेव्हा मला कळलं ना? मग हे कळलं नसतं असं का वाटलं तुला? मी काय एवढी परकी?"

पोरगा मान खाली घालून बसला. त्याला तसा पडलेला बघून काकांचं मन भरून आलं आणि तिथेच त्यांनी माती खाल्ली. "जाऊ दे ना, बिचारा. महिनोन्महिने फ्लॉवरवर राहिलाय. त्या शेवटच्या स्टॉपवाल्याचं मिळालं नसतं तर हाडांचा सापळा..."

काका थांबले. फार उशिरा थांबले.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. एरवी त्या नवऱ्याला अरे-तुरे करायच्या. अहो म्हणाल्या की समजायचं, आता खैर नाही. "अहो ड्रायव्हरसाहेब, कोण शेवटच्या स्टॉपवाला?"

काकांनी पोरग्याकडे बघितलं. पोरग्याने गालिच्याकडे. शेवटी रेनकोटासकट सगळं बाहेर आलं.

काकू उठल्या. कोट चढवला. "चला."

"कुठे?"

"शेवटच्या स्टॉपला. आत्ताच्या आत्ता."

रविवारची बस, दुसराच ड्रायव्हर. काका आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसले होते आणि प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. काकू पुढे बघत होत्या. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाल्या, "फ्लॉवर मला लहानपणापासून आवडत नाही."

"काय?" दोघे एकदम ओरडले.

"तुम्ही पुन्हापुन्हा वाढून घ्यायचात. मला वाटलं, तुम्हाला फार आवडतोय."

"मी लवकर संपावा म्हणून घ्यायचो," पोरगा म्हणाला.

काकूंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर बसवला.

दुकानात शिरताच खाटकाने आरोळी ठोकली, "या रेनकोटवाले! आज कोरडेच?" मग मागे काकू दिसल्या, आणि तो सुरी पुसायला लागला.

"मला हलाल समजावून सांगा," काकू काउंटरवर हात टेकून म्हणाल्या. खाटकाने सांगितलं. जनावराला त्रास कसा द्यायचा नाही, अल्लाचं नाव कसं घ्यायचं, रक्त कसं वाहू द्यायचं. काकूंनी दोन प्रश्न विचारले, त्याने दोन उत्तरं दिली. संपलं. बाहेरची बससुद्धा अजून वळली नव्हती.

काकू पोरग्याकडे वळल्या. "एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला.

"एवढ्यासाठी मी फ्लॉवरच्या वड्या शिकले?" आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना. काउंटर धरून हसल्या, डोळे पुसून हसल्या. पोरग्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा बसला. असा धपाटा अम्मी द्यायची, तो खाल्ला की समजायचं, प्रकरण मिटलं. "उद्यापासून मटण मी इथूनच नेणार. आणि परत काही लपवलंस तर चादर तूच इस्त्री करायचीस."

"आणि मी?" काका पुढे सरसावले.

"तुम्ही संपेपर्यंत फ्लॉवर. दोन गड्डे उरलेत."

टेबलावर गरम ताट आलं. काकूंनी पहिला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, दुसऱ्याला हात घातला, आणि तेलाचा एक टपोरा थेंब निसटून त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कॉलरच्या दिशेने निघाला. लाँड्रीवालीने तो वरच्या वर तळहातावर झेलला. खाटीक, काका, पोरगा, तिघेही श्वास रोखून बसले.

काकूंनी तळहात रुमालाला पुसला, आणि काकांकडे न बघता हात पुढे केला.

"रेनकोट कुठे ठेवता तुम्ही?"