पऱ्हाटीच्या काडीचा बाण

महादेवरावांनी तहसील कचेरीत एकतीस वर्षं सूचना लिहिल्या. 'येथे थुंकू नये', 'रांगेत उभे राहावे', 'अपूर्ण अर्ज परत केले जातील'. सुवाच्य अक्षरात सूचना लिहून फळ्यावर लावली की जगातली कुठलीही आपत्ती टळते, असा त्यांचा या एकतीस वर्षांत पक्का समज झाला होता, आणि निवृत्त होऊन वडनेर भोलजीला परतताना तो त्यांनी सामानाबरोबर आणला. सूचना लिहिणाऱ्यानेही ती पाळायची असते, असं मात्र त्यांना कधी कुणी लेखी कळवलं नव्हतं.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरली होती. कापूस महादेवरावांचा नव्हता. त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईला, माहेरकडून तीन एकर मिळालं होतं, त्यातला तो होता. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. महादेवरावांनी त्या शेतात पाय ठेवला तो वेचणीआधीच्या पूजेला, सीतादहीला, आणि तोही दहीभातापुरता. कापसाच्या खोलीत तर ते फिरकतही नसत, कारण तंतू नाकात जाऊन त्यांना शिंका येत. खोलीची किल्ली कौशल्याबाईच्या कमरेला असे. या कापसावर तिला पिठाची चक्की घ्यायची होती. गावातली एक चक्की बंद पडली होती आणि दुसरीपुढे डबा घेऊन ताटकळत बसायची तिची हौस कधीच फिटली होती. पुढची खोली रस्त्याला लागून होती. चक्कीला याहून चांगली जागा नव्हती.

पण महादेवराव कापूस विकू देतील तर ना.

"भाव चढन," ते म्हणत. "संक्रांतीपर्यंत एक बोंड हलवाचं नाई."

हे शहाणपण त्यांनी घरापुरतं ठेवलं असतं तर ते महादेवराव कसले. पारावर बसून त्यांनी अख्ख्या गल्लीला बजावलं होतं की आज कापूस विकेल तो येडा. शेजारच्या हिंमतरावांनी तर त्यांच्या शब्दाखातर दारात आलेला व्यापारी परत पाठवला होता. भावाचं हे ज्ञान महादेवरावांना कुठून झालं, ते कुणी विचारलं नाही. कचेरीत राहिलेला माणूस, त्याला ठाऊक असणारच, असं लोक धरून चालले.

कापसाच्या खोलीला रस्त्याच्या अंगाला, उंचावर, हातभर रुंद झरोका होता. त्याची काच गेल्या गारपिटीत फुटली होती. तिथे पत्र्याचा तुकडा ठोका, असं कौशल्याबाई पाच महिने सांगत होती. महादेवरावांनी दोन दुकानांत पत्र्याची चौकशी केली होती, दोन्हीकडे तो महाग वाटला, आणि मग त्यांनी खोलीला हवा लागलेली चांगली असा शोध लावला.

"घरात कापूस भरला हाये," कौशल्याबाई त्या दिवशी म्हणाली. "दारात तुमी फटाके उडवान. एक तं कापूस इकू द्या, नाई तं झरोका तरी बुजवा."

"मी सोता उभा हाओ न तिथं," महादेवराव म्हणाले. "मी सूचना लावून राह्यलो. मंग तू काऊन भेतं?"

ती पुढे काही बोलली नाही. नवऱ्याशी किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला त्यांच्या नोकरीइतक्याच वर्षांच्या संसारात समजलं होतं. महादेवरावांनी मात्र तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला की आपला मुद्दा तिला पटला.

सोमवारी ते फटाके आणायला निघाले. नांदुऱ्याला, दहा-बारा किलोमीटरवर, मैदानात परवानाधारकांचे स्टॉल लागले होते. पण तिथे म्हणे नुसत्या खोक्यावरच्या चित्राचे पैसे घेतात. महादेवराव दोन एसट्या बदलून जळगाव जामोदला गेले. तिथे कुणाच्या तरी ओळखीचा एक माणूस अर्ध्या ओढलेल्या शटरखालून गेल्या वर्षीचा माल निम्म्या दरात काढत होता. फुलबाज्यांचे पुडे पिवळे पडले होते, अनारांच्या तोंडचे कागद सुटले होते, आणि बाणांच्या काड्या तर निम्म्याहून जास्त मोडल्या होत्या. काड्या मोडल्या म्हणून महादेवरावांनी दर आणखी उतरवून घेतला आणि आपण त्या माणसाला चांगलंच गंडवलं या आनंदात ते स्टँडवर आले.

एसटीत स्फोटक पदार्थ नेता येत नाहीत. त्यांनी पिशवीत वर मेथीच्या दोन जुड्या घातल्या आणि जिथे नेमकी तीच सूचना रंगवली होती त्या खिडकीखाली बसून घरी आले. वाटेत त्यांनी ती सूचना वाचली. अक्षर वाईट आहे असं त्यांचं मत झालं.

दिवस कलता घरी पोचले तर अंगणात कापसाचे पुंजके उडत होते आणि दारासमोरच्या मातीत चाकांच्या खुणा होत्या.

"काय व, आज झाडलं नाई वाटते?" महादेवरावांनी विचारलं.

"झाडीन आता," कौशल्याबाई म्हणाली.

बायकांना पुरुष घराबाहेर पडला की आळस भरतो, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि पिशवी उघडली. अकोल्याला नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी अर्पिता सुट्टीला आली होती. तिने एकेक पुडा उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, यावर नाव नाही, तारीख नाही, कसा पेटवायचा ते लिहिलेलं नाही. दिवाळीत आमच्याकडे भाजलेले हात येतात ना, ते असल्याच मालाचे."

"नाव वाचून का फटाका जोरात वाजते?" महादेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा माल गच्चीवर बाजेवर वाळत घातला. दमट दारू उन्हात वाळवू नये, असं अर्पिताने सांगून पाहिलं. महादेवरावांनी तिला तिचा अभ्यास करायला सांगितलं. मग मोडक्या बाणांचा प्रश्न आला. बाणाला सरळ, हलकी आणि पुरेशी लांब काडी लागते, तरच तो नाकासमोर वर जातो, एवढं पोरासोरांनाही कळतं. महादेवरावांनी मागच्या परसात पडलेली पऱ्हाटी उचलली. कपाशीचं वाळलेलं झाड ते, आमच्याकडे चुलीत जातं. त्याला फांद्या फुटलेल्या, गाठी आलेल्या, एक काडी सरळ निघेल तर शपथ. त्या वाकड्या काड्या त्यांनी सुतळीने बाणांना करकचून बांधल्या आणि फुकटात दुरुस्ती झाली म्हणून हात झटकले. अकोला-बुलढाण्याचा माणूसच हे करू जाणे. पऱ्हाटी फुकट मिळते, आणि फुकट ते पौष्टिक.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच दारातल्या कडुनिंबाला सूचना लागली. अक्षर मोत्यासारखं होतं. सुती कपडे घालावेत, पायात चप्पल असावी, एका वेळी एकच फटाका पेटवावा, पेटवताना लांब उदबत्ती वापरून तोंड बाजूला ठेवावे, न उडालेल्या फटाक्याजवळ परत जाऊ नये, जवळ पाण्याची भरलेली बादली ठेवावी, आणि घर, गोठा, गंजी यांपासून दूर मोकळ्या जागी उभे राहावे. एकही शब्द चुकीचा नव्हता. शहाण्या माणसाने तो कागद घरी नेऊन पाळला असता तर त्याची दिवाळी सुखात गेली असती. फक्त तो कागद जिथे लावला होता तिथून कापसाच्या खोलीचा झरोका पंधरा पावलांवर होता.

दिवे लागले, पूजा झाली, गल्लीतली माणसं महादेवरावांच्या दारासमोर जमली. महादेवराव सुती धोतर नेसून, पायात चप्पल घालून आले आणि त्यांनी आधी सूचना मोठ्याने वाचून दाखवली. बादली ठेवली होती. ती गळकी होती. चांगली बादली आगीच्या कामाला लावून खराब का करायची, असा त्यांचा हिशेबी विचार होता. वाचन संपेपर्यंत अर्धं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी गेलं होतं.

पहिला अनार नुसता फुसफुसला. दुसऱ्याने धूर काढला. तिसरा पेटलाच नाही, तेव्हा महादेवराव त्याच्याजवळ जाऊन, वाकून, त्यात फुंकर घालू लागले.

"बाबा, पाचवा नियम," अर्पिता म्हणाली.

"मले शिकवू नको," महादेवराव म्हणाले, पण मागे सरकले, आणि त्याच क्षणी अनाराने एक ठिणगी त्यांच्या धोतराच्या सोग्यावर टाकून जीव सोडला. हिंमतरावांनी चपलेने सोगा चोळला. लोक हसले नाहीत. महादेवरावांसमोर हसायची गल्लीला सवय नव्हती, आणि ते हसणं आत साचत चाललं होतं.

मग त्यांनी बाण काढला. बाटलीत पऱ्हाटीची काडी मावेना, म्हणून त्यांनी ती विटांच्या फटीत खोचली. उदबत्ती लावली. बाण सुसाटत निघाला, दोन पुरुष उंच गेला, गाठीच्या बाजूला कलला, हिंमतरावांच्या टोपीवरून वळला आणि सरळ जाऊन झरोक्यातून आत शिरला.

आत फाडकन आवाज झाला. झरोक्यातून धूर आला.

कुणी हललं नाही. त्या खोलीत काय भरलं आहे ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. कापूस पेटला की खोली राहत नाही, खोलीला लागून घर, घराला लागून हिंमतरावांचं घर, आणि त्यातही कापूसच, महादेवरावांच्या सल्ल्याने ठेवलेला. महादेवरावांनी पाण्याकडे धावायला हवं होतं. पण सवय माणसाला सोडत नाही. त्यांनी सगळ्यात आधी उरलेल्या फटाक्यांचा डबा उचलला आणि सुरक्षित जागी, कडुनिंबाच्या पलीकडे नेऊन ठेवला. मग बादलीकडे धावले. बादलीच्या बुडाशी ओंजळभर पाणी होतं.

हिंमतरावांनी आपल्या घरून दोन घागरी आणल्या, पण दाराला कुलूप होतं. कौशल्याबाई पूजेचं ताट ओट्यावर ठेवून आली. तिने पावलं भराभर उचलली नाहीत, आणि तिच्या या सावकाशपणाने महादेवरावांच्या अंगाची लाही झाली. गल्लीतले सगळे डोळे आपल्याकडे लागले आहेत हे त्यांना कळत होतं. आता कुणी तरी अपराधी हवा होता, आणि तो समोरून किल्ली घेऊन येत होता.

"महिनाभर सांगून राह्यलो हिले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "कापूस इकून टाक, इकून टाक. दिवाळीत घरात कापूस ठेवते का कोनी? पन बाईमानूस. ऐकन तं."

अर्पिताने तोंड उघडलं. कौशल्याबाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गप्प झाली. मग कौशल्याबाईने महादेवरावांकडे पाहिलं, अगदी शांतपणे, जसं ती चक्कीवर दळून आलेलं पीठ दोन बोटांत चोळून पाही.

"खरं हाये," ती म्हणाली. "यायनं सांगतलं होतं."

तिने कुलूप काढलं आणि दार लोटलं.

खोली रिकामी होती. फरशी झाडलेली, कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचा पुंजका, आणि मधोमध एक काळा डाग, त्याच्या शेजारी धुमसत पडलेला बाण. भिंतीशी खडूने एक चौकोन आखला होता, चक्की ठेवायला. हिंमतरावांनी एक घागर बाणावर ओतली. दुसरी लागलीच नाही.

"यायनं सांगतलं म्हनून सोमवारी इकला," कौशल्याबाई म्हणाली. "हे जळगावले गेलते, तवाच गाडी लावली. चक्की भाऊबीजेनंतर येते."

महादेवरावांनी तोंड उघडलं. मला न विचारता विकला, असं म्हणावं तर आत्ताच सगळ्यांदेखत आपण काय बोललो ते गल्लीने ऐकलं होतं. तोंड पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचंच वाक्य पाळावं लागत होतं, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. हिंमतराव रिकामी घागर हातात घेऊन सावकाश वळले.

"महादेवभाऊ," ते म्हणाले, "महिनाभर घरात इका इका म्हनत होते तुमी?"

महादेवरावांनी धोतराचा जळका सोगा खोचून घेतला.

"अन पारावर आमाले ठेवा ठेवा सांगत होते. मी यापारी दारातून वापस लावला तुमच्या शब्दावर. आमाले थांबवून सोता मोकळे झाले का?"

मागे कुणी तरी घसा खाकरला. दोन माणसं पुढे सरकली, त्यांच्याही घरात कापूस होता. खोटं बोललो म्हणावं तर बायकोसमोर अब्रू जाते, खरं बोललो म्हणावं तर गावासमोर. महादेवरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांच्या कडुनिंबावरच्या सूचनेत अशा प्रसंगी काय करावे हे लिहिलेलं नव्हतं.

कौशल्याबाईने खुंटीचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.

"फरशी काळी झाली," ती म्हणाली. "चक्की येते, त्याच्या आधी पुसून घ्या. अन उद्या झरोक्याले पत्रा ठोका."

एवढ्या लोकांच्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा फरशी बरी, म्हणून महादेवराव त्या खोलीत शिरले. कोपऱ्यातले तंतू उडाले आणि त्यांना लागोपाठ सात शिंका आल्या. बाहेर गल्ली तेव्हा कुठे हसली.