भिजलेली वही आणि मी

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा स्वयंपाकघरात माझे आयुष्य गेले. माझे लाकूड मूळचे चर्चमधल्या एका मोडक्या बाकाचे. एका सुताराने तो बाक मागून घेतला आणि आपल्या नव्या नवरीसाठी त्यातून मला घडवले. आठ दिवस त्याने माझ्यावर रंधा फिरवला. शेवटी एक गोटी ठेवून पाहिली, तर ती जागची हलेना.

"बघ, तसूभरही उतार नाही!" तो बायकोला म्हणाला. लाकडाने फुगू नये म्हणतात, पण त्या दिवशी मी फुगले.

त्याची बायको रुग्णालयात परिचारिका होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, घरात सासूबाईसुद्धा. सासूबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्या बोलतही मोठ्याने.

एके दिवशी सिस्टर कामावरून आली आणि माझ्यावर कोपरे टेकून बसून राहिली. "आज एका पेशंटनं हात धरला माझा," ती नवऱ्याला म्हणाली. "प्रार्थना करावीशी वाटते, पण शब्द सुचत नाहीत, म्हणाला. आणि अहो, ऐन वेळी मलाही काही सुचलं नाही."

दुसऱ्या सकाळी तिने नवी वही उघडली आणि चार ओळींची प्रार्थना लिहिली. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक, अशा तीनशे पासष्ट प्रार्थना लिहून अंथरुणाला खिळलेल्यांना द्यायच्या, असे तिने मनाशी धरले.

ठरवणे सोपे होते. ड्यूटी, स्वयंपाक, सासूबाईंचे औषधपाणी यातून उरे तो सकाळचा अर्धा तास. कधी तेवढ्यात एक ओळ होई आणि तीही खोडावी लागे. प्रार्थना जमली की ती सासूबाईंना ओरडून वाचून दाखवी. त्या असे "आमेन" ठोकत की शेजारी भिंत ठोकत! अडीच वर्षांत दोनशे ब्याण्णव प्रार्थना झाल्या.

मग तो रविवार आला. घरची सगळी चर्चला गेली होती. वही माझ्यावर उघडीच होती. वरच्या घरातला नळ फुटला आणि छतातून थेंब गळू लागले. पहिला थेंब समासात पडला, दुसरा ओळीवर. मित्रांनो, मला पाय चार आहेत, पण एक पाऊल टाकता येत नाही. नुसते कलंडता आले असते तरी पुरे होते. थेंबांची धार झाली. ज्या सपाटीचा मला गर्व होता, तिच्यामुळेच पाणी ओघळेना, तुंबून राहिले. निळी शाई पानांतून सुटून माझ्यावर पसरली. दोन तास मी एकेक शब्द जाताना पाहिला.

सिस्टर आली. वही उचलली तर हातात लगदा आला.

"माझंच चुकलं," सुतार म्हणाला. "जरा उतार ठेवायला हवा होता."

"तुमचं कसलं चुकलं? ज्याला उद्देशून लिहीत होते, त्या प्रभूच्याच घरी बसले होते मी तेव्हा."

त्यानंतर पाच महिने तिने पेन हातात धरले नाही. जेवणाआधी हात जोडी, पण ओठ हलत नसत. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग साचले. हात धरणारा तो पेशंट मधल्या काळात वारला. त्याला एकही पान मिळाले नाही. हे ती कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगत होती. समजूत घालायला मला जीभ नव्हती.

पुढे सासूबाई पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्यांची खाट स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी आली.

"सिस्टर, आजची प्रार्थना वाच!"

"आई, सगळ्या पाण्यात गेल्या ना!"

"मग नवी कर. मी काय कुठं जातेय?"

सिस्टर रागारागाने बसली. कपडे बाजूला सारले. कागदावर कितीतरी वेळाने दोनच वाक्ये उतरली. ती तिने ओरडून वाचली, "प्रभू, आज माझ्याकडे काही नाही. तरी मी आले आहे."

"ही चालेल," म्हातारी म्हणाली. "उद्या जरा लांब कर."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. जुन्यांतल्या फारच थोड्या तिला आठवल्या. चौऱ्याऐंशीव्या प्रार्थनेला सासूबाई गेल्या. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर सुजलेल्या डोळ्यांनी बसली आणि पंच्याऐंशीवी लिहून उठली. त्या सकाळी तिला कोणी लिहायला बस म्हटले नव्हते.

आता तिची बोटे आखडतात. आकडा दोनशेच्या पुढे सरकला आहे, पण वही पुरी होईल की नाही, मी सांगू शकत नाही. तिची आसवे माझ्यावर पडतात. ती मला पुसता येत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी रोज एका कोपऱ्यात बसून असे काही लिहीत असेल, किंवा डोळे मिटून नुसतेच बसत असेल. त्याच्या कागदांवर सामान ठेवू नका. आणि कधीतरी जवळ जाऊन विचारा, "आज काय लिहिलंस? वाचून दाखव ना." एवढे तुम्हाला जमते. इतकी वर्षे इतक्या जवळ असून मला ते कधीच विचारता आले नाही.