अंबूबाईचा शब्द

"मान हलवायची न्हाई, आजोबा! खोकला आला तरी गिळायचा," अंबूबाईने जोतिबाला दटावलं आणि वाळूच्या पिशव्या त्याच्या कानांशी नीट सरकवल्या. सकाळीच म्हाताऱ्याचा मोतीबिंदू काढला होता. हलला तर डोळा गेलाच म्हणून समजा, असं डॉक्टर बजावून गेले होते.

"गिळतो की. पर चिमटीभर तमाखू तरी द्या."

"व्हय तर! पानाचं दुकानच टाका हितं!"

वरून थट्टा चालली होती, पण अंबूबाईचं चित्त कसलं ठिकाणावर! खिडकीबाहेर अंगण होतं आणि अंगणापलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड. नवरा गेल्यावर ती औंधहून सांगलीला आली, नर्सचं काम शिकली, ती त्याच वॉर्डात रमली. खेड्यांतल्या बायका दवाखान्याच्या नावानेच थरथरत. ज्या यायच्या त्या हिच्या भरवशावर. "तुमी असशिला न्हवं?" एवढंच विचारायच्या. अंबूबाई म्हणायची, "मी हाय की!" झालं, गाडी जुंपलीच समजा.

आष्ट्याकडची रंगूबाई अशीच सुनेला दाखवायला घेऊन आली होती. बनूचं पहिलं मूल आडवं आलं आणि घरीच गेलं. आता दुसरी खेप, आणि रंगूबाईचा मुलगा फौजेत, लढाईवर. "त्यो आल्यावर मी काय त्वांड दाखवू? पोरीला तुमच्या हातात देते," म्हातारी म्हणाली. अंबूबाईने तिला सांगितलं, "आणा बिनघोर. मी हाय की!"

आणि मग मुंबईहून नव्या मेट्रनबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या हो! प्रत्येक नर्सला सगळी कामं यावीत एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून दर महिन्याला वॉर्ड बदलायचा, आणि कामावर असताना आपला वॉर्ड सोडून दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. अंबूबाईने हात जोडले. "बाई, एकीला शब्द दिलाय. तेवढी मोकळी होईपर्यंत राहू द्या."

"पेशंट दवाखान्याचे असतात, अंबूबाई. तुमचे नव्हेत," मेट्रनबाई समजुतीने म्हणाल्या. आणि या महिन्याला अंबूबाईच्या वाट्याला डोळ्यांचा वॉर्ड आला.

दुपारी फाटकात घुंगरं वाजली. अंबूबाईने पाहिलं, तर रंगूबाईची गाडी! बनूला दोघांनी धरून आत नेलं. तिथे शकुंतला होती. नवखी, पण अंबूबाईनेच शिकवलेली. करील ती, असं तिने मनाला समजावलं. पण थोड्याच वेळात रंगूबाई बाहेर आली. वॉर्डातल्या लाल ब्लँकेटात गुंडाळलेल्या बनूला तिने परत गाडीत चढवलं.

"रंगूबाई! आवं, थांबा! मी हाय की हितं!" अंबूबाई जिवाच्या आकांताने ओरडली.

"काय झालं? आग लागली का काय?" जोतिबा दचकून उठायलाच लागला. अंबूबाईने धावत येऊन त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. आया जेवायला गेलेली, वॉर्डात दुसरं कोणी नाही. हात सोडावा तर म्हाताऱ्याचा डोळा जातो, आणि न सोडावा तर ती पोर जाते! घुंगरांचा आवाज फाटकाबाहेर गेला.

"कोन गेलं, बाई?"

"कुनी न्हाई. पडून ऱ्हावा."

संध्याकाळी शकुंतला रडत आली. "लई विनवलं हो मी. म्हटलं, त्या समोरच आहेत, पण त्यांना इथं यायची परवानगी नाही. म्हातारी म्हणाली, 'शब्द देऊन समोर असून येत न्हाई, मग आमी कुनाच्या भरवशावर ऱ्हायाचं?'"

पुढच्या बाजाराच्या दिवशी रंगूबाई आली. एकटीच. धुऊन घडी घातलेलं लाल ब्लँकेट तिने अंबूबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"पोरीच्या अंगावर ऱ्हायलं व्हतं. तुमचं हाय."

"बनू...?"

म्हातारीने नुसती मान हलवली. चार शिव्या हासडल्या असत्या तर अंबूबाईला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "आमालाच दम निघाला न्हाई, बाई." आणि पदराने तोंड पुसत निघून गेली.

जोतिबाला छान दिसू लागलं. महिना सरला, अंबूबाई पुन्हा बाळंतिणींच्या वॉर्डात आली. एक दिवस लेकीला दाखवायला आलेल्या एका बाईने तिचा पदर धरला. "पोरीला लय भ्या वाटतं. पुढल्या महिन्यात आणते. तवा तुमी असशिला न्हवं?"

अंबूबाईचे ओठ हलले. मग तिने आपला पदर त्या बाईच्या मुठीतून हळूच सोडवून घेतला.

"कुनीतरी असंल," ती म्हणाली आणि रिकाम्या खाटेवरचं लाल ब्लँकेट नीट करू लागली.