शेजारी कोण बसतं

"शेजारी कोण बसतं?" ट्रकखालून मिस्त्रीचा आवाज आला.

वाकून बघत असलेले मधवाले काका सरळ झाले. "म्हणजे?"

"म्हणजे गाडीत, तुमच्या बाजूला. कोणी असतं, की एकटेच हाणता?" मिस्त्री पाठीवरच सरकत बाहेर आला. त्याच्या हातात जुना शॉकअप होता. तेल गळून गळून त्याच्यावर धुळीचा काळा लेप बसला होता. "चारही मेलेत, काका. नवे टाकायचे तर दोन जाती. ऑइलचे आणि गॅसचे. ऑइलचा मऊ. खड्डा आला की गाडी पाळण्यासारखी खाली जाते, वर येते. पण वर ओझं असलं, दगडाचा लांबचा रस्ता असला, की आतलं तेल तापतं, त्याला फेस येतो, आणि मग शॉकअप असून नसल्यासारखा. गॅसच्यातही तेल असतंच, पण गॅसचा दाब त्याला फेसाळू देत नाही. दिवसभर पिदडा, दमायचा नाही. मात्र कडक. गाडी रिकामी असली की खडा न् खडा कमरेला कळतो."

"मग?"

"एकटा माणूस असेल तर मी डोळे झाकून गॅसचे टाकतो. सोबत बाईमाणूस असेल, म्हातारं कोणी असेल, तर ऑइलचे. नाहीतर घरी गेल्यावर शिव्या गिऱ्हाइकाला बसतात आणि गिऱ्हाईक त्या मला आणून देतं." मिस्त्री स्वतःच्याच बोलण्यावर हसला. जुना गॅरेजवाला धंदा गुंडाळून गेल्यावर हा नवा आला होता. त्याला इथलं कोणाचं काही ठाऊक नव्हतं.

मधवाल्यांनी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. निघाले मात्र भलतेच शब्द.

"बायको असते. तिच्या कमरेला धक्का सोसत नाही."

"मग आधी नाही का सांगायचं! आणि रस्ता?"

"आहे जरा कच्चा."

"जरा कच्चा असेल तर ऑइलचेच घ्या. काकू खूश."

मिस्त्री कामाला लागला. मधवाले बाहेर टायरच्या ढिगावर जाऊन बसले. या वयात आपण हे काय बोलून बसलो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

त्यांचा धंदा मधमाश्यांचा. खालच्या शेतांमधला फुलोरा संपला की पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि डोंगरावरच्या पठारावर न्यायच्या. तिथलं रान फुलून गेलं की पुन्हा खाली. उभा जन्म या वर-खालीत गेला होता, आणि त्यातला बराचसा बायकोच्या सोबतीने. ती माश्यांना धूर द्यायचं धुराडं मांडीवर घेऊन शेजारी बसायची आणि खड्ड्याखड्ड्याला रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मधल्या सपाटीवर शेजारणीची गोष्ट सुरू व्हायची, पुढच्या खड्ड्यात ती तुटायची, आणि खड्डा संपला की बरोबर त्याच शब्दापासून पुन्हा सुरू. मधवाल्यांनी मधूनमधून नुसतं "हं" म्हटलं की भागायचं.

मग ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. बाळ जरा मान धरायला लागलं की येते, म्हणाली होती. ते बाळ आता शाळेत जात होतं. मध्ये भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती तिकडे रुळली, एवढंच. लोक सुरुवातीला विचारायचे, "काकू कधी येणार?" पुढे तेही विचारेनासे झाले.

गाडी तयार झाली. परतीच्या वाटेवर खड्डे आले तसे मधवाल्यांना हसूच फुटलं. ट्रक नुसता झुलत होता.

"गुणाची झाली बघ गाडी," ते मोठ्यांदा म्हणाले, आणि रिकाम्या केबिनमध्ये आपलाच आवाज ऐकून दचकले.

पुढच्या आठवड्यात पेट्या हलवायच्या होत्या. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर त्यांनी पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या, पेट्या ट्रकवर रचल्या, दोर आवळले आणि उजाडता उजाडता ते निघाले. ऊन चढायच्या आत वर पोहोचायलाच हवं होतं. कोंडलेल्या माश्या बिथरल्या की पेटी आतून तापते, पोळ्याचं मेण मऊ पडतं, आणि मग पोळंच्या पोळं खाली बसतं.

घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. पुढे ओढ्यातल्यासारखा गोट्यांचा रस्ता लागला. तो मैलोन् मैल तसाच होता. अर्ध्यावर आल्यावर मधवाल्यांना हातातल्या स्टिअरिंगमध्येच फरक कळला. गाडी एकदा वर उसळली की खाली यायचं नाव घेईना, आणि खाली आली की पुन्हा उसळायची. पाण्यातल्या होडीसारखी. मागे पेट्यांवर पेट्या आपटायला लागल्या. त्या आपटण्याच्याही वर माश्यांचा आवाज आला. नेहमीची गुणगुण नव्हती ती. कळवळल्यासारखा उंच सूर होता.

त्यांनी गाडी थांबवली. खाली वाकून शॉकअपला बोट लावलं आणि चटका बसताच मागे घेतलं. मिस्त्रीने जे सांगितलं होतं, तेच अक्षरशः झालं होतं.

थांबावं तर ऊन चढत होतं, चालावं तर पेट्या फुटत होत्या. सावलीला झाड नव्हतं. बायको सोबत असताना अशा वेळी एकाने पेट्यांवर पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्याने दोर आवळायचे. आता दोन्ही कामांना तेच दोन हात होते. त्यांनी पिण्याचं पाणी पेट्यांवर शिंपडलं, दोर पुन्हा आवळले आणि माणूस चालतो त्या वेगाने गाडी काढली.

वर पोहोचून एकेक जाळी उघडली तशा माश्या भुरुभुरु बाहेर पडल्या. एका पेटीतून मात्र कोणीच बाहेर आलं नाही. त्यांनी झाकण काढलं. पोळी तुटून एकमेकांवर बसली होती आणि सगळी वसाहत आपल्याच मधात बुडाली होती. मधवाल्यांनी ती पेटी बाजूला नेली, खड्डा खणला आणि ते सगळं हलक्या हाताने मातीत सारलं. एका खोट्या शब्दापायी एक घर गेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"जेवलात का?" बायकोने विचारलं. मागे नात "आजी, चल ना, आजी!" म्हणून ओढत होती.

"जेवतो. इकडे फुलोरा चांगला आहे. येतेस का चार दिवस? गाडीचे धक्के..." ते अडखळले. "गाडीचं काहीतरी करून घेतो मी."

"अहो, हिला सोडून कशी येऊ? शाळेतून आणायला मीच लागते. तुम्हीच या ना इकडे. लेक पण म्हणते, जावई पण म्हणतात. किती दिवस त्या माश्यांच्या मागे धावायचं?"

"आणि माश्या?"

दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पटत होतं, आणि त्यातच सगळी अडचण होती.

"वेळेवर खात जा," ती शेवटी म्हणाली.

खाली उतरल्यावर ते थेट गॅरेजवर गेले. मिस्त्रीने शॉकअप दाबून बघितले आणि कपाळाला हात लावला. "काका, कुठे घातली होती गाडी? जरा कच्चा म्हणाला होतात ना?"

"जरा नाही. पार पठारापर्यंत दगडच आहेत. आणि मागे भरलेल्या पेट्या असतात. तुमची काही चूक नाही. मीच नीट सांगितलं नव्हतं. गॅसचे टाका."

"पण काकूंना त्रास होईल हो."

"कोणी नसतं शेजारी. मी एकटाच असतो."

मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं. फडक्याने हात पुसले आणि पाना उचलला.

काम झाल्यावर मधवाले गाडीत चढले, तर पलीकडचं दार उघडून मिस्त्रीही चढला. "चला, एक चक्कर टाकून बघू."

गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात त्याचं डोकं टपाला आपटलं. "आई गं! गाडी आहे की खलबत्ता!" तो ओरडला आणि हसत सुटला. मग त्याने आपल्या पहिल्या उस्तादाची गोष्ट काढली. तो उस्ताद म्हणे शॉकअपला कान लावून रोग सांगायचा, आणि घरी बायको हाक मारायची ती मात्र कधी त्याच्या कानावर पडायची नाही. "हं," मधवाले म्हणाले. खड्डा आला, गोष्ट तुटली, पुन्हा सुरू झाली.

जिथून गाडी वळवून परत आणायची ते वळण आलं. मधवाल्यांना ते दिसलं. त्यांनी गाडी वळवली नाही.

मिस्त्रीने मागे पडलेल्या वळणाकडे एकदा बघितलं. गॅरेज उघडं होतं आणि एक गाडी जॅकवर चढवून ठेवलेली होती. मग कान टवकारून म्हणाला, "डाव्या अंगाला काहीतरी वाजतंय. ऐकू आलं?"

मधवाल्यांनी नीट कान दिला. काही वाजत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "वाजतंय खरं."

"मग घ्या अशीच पुढे. दगडाच्या रस्त्याला लागल्यावर नीट कळेल." मिस्त्रीने एका हाताने वरची कडी घट्ट धरली. "तर काय सांगत होतो, तो आमचा उस्ताद..."

मधवाल्यांनी गिअर बदलला.