सातवी ‘अ’च्या दारात

“मामा, काही निरोप आहे का?” शर्मिष्ठाबाईंनी हातातला खडू तसाच धरून विचारलं.

सातवी ‘अ’च्या एकतीस मुलांच्या माना दाराकडे वळल्या. दारात शाळेचे शिपाई सहदेव घाडी उभे होते. एका हातात हजेरीपटांचा गठ्ठा आणि दुसरा हात चौकटीवर.

“नाय बाई. चालू द्या तुमचं. ऐकतोय.”

“ऐकताय?”

“प्रांजलला सांगायचं असतं ना संध्याकाळी.” सहदेवमामा ओशाळून हसले. “नुसती वही देऊन भागत नाय तिचं.”

बाईंना प्रांजल साळवेच्या घरी वह्या कोण पोहोचवतं ते ठाऊक होतं. तिथे जाऊन मामा काय करतात, हे मात्र त्यांना तेव्हाच कळलं.

दिवाळीनंतर प्रांजलची पाठ दुखायला लागली होती. दप्तराच्या ओझ्याने दुखत असेल म्हणून महिनाभर मलम चोळण्यात गेला. शेवटी मोठ्या इस्पितळात फोटो काढला, तेव्हा मणक्याचा टीबी निघाला. औषधं वर्षभर घ्यायची होती आणि पहिले तीन महिने पलंगावर उताणं पडून राहायचं होतं. बारा वर्षांची मुलगी. विक्रोळीच्या त्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत छताकडे बघत पडलेली. आई शीतल कुरियरच्या ऑफिसात होती, तिने सकाळची पाळी मागून घेतली. वडील निलेश दिंडोशीच्या कोर्टात कारकून होते, त्यांना घरी यायला आठ वाजायचे. सकाळी शेजारच्या काकू अधूनमधून डोकावून जायच्या. वर्गातलं मात्र कुणीच यायचं नाही. टीबी म्हटल्यावर आयांनी आपापल्या मुलांना बजावून ठेवलं होतं.

मुलीचं वर्ष जाऊ नये म्हणून मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी सहदेवमामांना बोलावलं. मामा तिच्या शेजारच्याच इमारतीत राहायचे. रोज कुणाची तरी वही न्यायची आणि दुसऱ्या दिवशी आणायची, एवढंच काम होतं.

पहिल्या दिवशी मामांनी वही उशाशी ठेवली आणि ते निघाले, तर प्रांजल म्हणाली, “मामा, आज बाईंनी काय शिकवलं?”

“वहीत लिवलंय ना सगळं.”

“वहीत उत्तरं आहेत. बाई काय बोलल्या ते सांगा ना.”

मामांना काहीच सांगता येईना. सत्तावीस वर्षं ते त्या वर्गात सूचनेची वही घेऊन जात होते, पण तिथे काय चालतं याकडे कान कधी दिला नव्हता. त्यांचं स्वतःचं शिक्षण मालवणजवळच्या गावात सहावीला थांबलं होतं. सातवीच्या वर्गात विद्यार्थी म्हणून ते कधी बसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते दारात उभे राहू लागले. घंटा, चहा, टपाल सांभाळून जेवढं कानावर पडेल तेवढं. गणिताचे सर ऋण संख्या शिकवत होते. मामांनी संध्याकाळी त्या आपल्या पद्धतीने सांगितल्या.

“आमच्या गावाक विहीर आसा. आतपर्यंत पायऱ्या. पाणी जिथे लागतं ती पायरी शून्य धर. वर एक, दोन, तीन. पाण्याखाली उणे एक, उणे दोन. दिसत नायत, पण पाय घातलास की लागतात.”

“म्हणजे उणे पाच उणे दोनच्या खाली?”

“खाली. खोल.”

“मग ती लहान संख्या.” प्रांजल छताकडे बघत म्हणाली. “सर म्हणतात तसं पाठ नव्हतं होत. आता दिसलं.”

त्या रात्री जेवताना बायकोने, वनमालाने, विचारलं, “आज काय शिकलात?” तिने चेष्टेने विचारलं होतं. मामांनी तिलाही विहीर सांगितली.

प्रांजल आता प्रश्नही पाठवू लागली. बाईंनी निरोपाचं विचारलं त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मामांच्या खिशात तसलाच एक प्रश्न होता. बाईंनी बोलावल्यावर ते आत आले आणि चिठ्ठी वाचू लागले. “पचनसंस्था वाचली. अन्न तोंडातून खाली पोटात जातं. पण मी दिवसभर आडवी असते. मग माझं अन्न खाली कसं जातं?”

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं.

“कोण सांगेल?”

दोघांनी पुस्तक चाळून पाहिलं. मग बाईंनी फळ्यावर एक लांब नळी काढली आणि अन्ननलिकेचे स्नायू घास कसा ढकलत नेतात ते सांगितलं. माणूस उलटा टांगला तरी घास पोटातच जातो. लगेच विकी म्हणाला, “बाई, बघू का करून? डोक्यावर उभा राहतो, बिस्किट द्या.” बाईंनी त्याला खाली बसवलं. मधल्या सुट्टीत त्याने ते केलंच आणि ठसका लागून लाल झाला.

मामांनी हे सगळं संध्याकाळी सांगितलं, तेव्हा प्रांजल इतकी हसली की शीतल चहाचं भांडं हातात घेऊन धावत आली. “अगं, पाठ सांभाळ!” असं ओरडता ओरडता ती स्वतःच दारात थांबली. दुखणं सुरू झाल्यापासून त्या खोलीत हसण्याचा आवाज आला नव्हता.

चूक झाली ती जानेवारीत.

भूगोलाचा तास होता, ऋतू कसे होतात हा धडा. “पुष्कळ लोकांना वाटतं,” बाई सांगत होत्या, “की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा.” तेवढ्यात ऑफिसची बेल वाजली. पाहुणे आले होते, त्यांना चहा हवा होता. मामा गेले. परत आले तोवर तास संपला होता. संध्याकाळी त्यांनी प्रांजलला सांगितलं, जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. स्वतःच्या मनाचंही थोडं घातलं, शेकोटीजवळ बसलं की ऊब लागते तसं.

आठवड्याने चाचणी झाली. प्रांजलने पेपर घरीच, पोटावर पॅड ठेवून लिहिला. बाईंनी तो तपासला आणि मामांना बोलावलं.

“मामा, हे शेकोटीचं तिला कुणी सांगितलं?”

मामांनी कागद बघितला. पाच गुणांचं उत्तर, वळणदार अक्षरात, शेकोटीसकट. त्यावर लाल फुली होती.

“मी सांगितलं.”

“तुम्ही पूर्ण ऐकलं नव्हतं का?”

“चहा आणायला गेलो होतो, बाई.”

त्या दिवशी मामांनी वही शीतलच्या हातात दिली आणि उंबऱ्यावरूनच परतले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी शीतल त्यांच्या मागे जिन्यात आली.

“मामा, काय झालं? पोरगी विचारतेय. माझं काही चुकलं का?”

“तुमचं कशाला चुकतंय? मीच शाणपणा करायला गेलो. मी शिपाई माणूस, वही देणं माझं काम. पोरीचे पाच मार्क घालवले.”

“पाच मार्कांचं काय घेऊन बसलात?” शीतल म्हणाली. “दिवसभर घड्याळाकडे बघत असते ती. पाच वाजले की केस विंचरून घेते माझ्याकडून. मामा येतील म्हणून.”

मामा खाली उतरले. घरी त्यांनी वनमालाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चूक झाली तर जावन सांगा, चूक झाली म्हणून. तेका कित्याक लाजूक होया?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मामा शर्मिष्ठाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. “बाई, ते ऋतूंचं राहिलेलं मला सांगाल? पहिल्यापासून.”

बाईंना स्टेशन गाठायचं होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पर्स परत टेबलावर ठेवली. कपाटातला पृथ्वीगोल काढला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मामांना पहिल्या बाकावर बसायला सांगितलं. मामा संकोचले, मग बसले. त्यांचे गुडघे बाकाखाली मावेनात.

“पृथ्वीचा आस सरळ नाही, असा कललेला आहे. बघा, हा भाग उजेडाकडे झुकला, इथे उन्हाळा. फिरत फिरत इकडे आली की तोच भाग पाठ फिरवतो, मग थंडी. आणि गंमत सांगू? सूर्याच्या सगळ्यात जवळ पृथ्वी असते जानेवारीत. आत्ता.”

“आत्ता?” मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वॉचमन कानटोपी घालून बसला होता. “आणि आमी सांगत बसलो शेकोटी!”

बाई हसल्या. “मामा, मी अठरा वर्षं शिकवतेय. माझंही कॉलेजात जाईपर्यंत तेच होतं डोक्यात.” त्यांनी पृथ्वीगोल पिशवीत घालून दिला. “सोमवारी आणा. आणि उद्यापासून माझ्या तासाला आत बसत चला. ऑफिसात मी सांगते.”

त्या संध्याकाळी मामांनी पिशवी पलंगापाशी ठेवली आणि आधी हात जोडले.

“गो बाय, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. पुरतं ऐकलं नव्हतं. आज बाईंकडून शिकून आलोय.”

प्रांजलने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मोठं माणूस असं काही बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. “मामा, हात नका ना जोडू,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “दाखवा.”

शीतलने दिवा मालवला, टॉर्च धरला. पृथ्वीगोल पलंगाभोवती फिरवायचा तर भिंत मध्ये येत होती, म्हणून मामा अर्ध्यावरून परत फिरायचे. तरी तिला कळलं.

फेब्रुवारीत बाईंनी एक तास पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि टीबीबद्दल बोलल्या. कुठला पसरतो, कुठला नाही, मणक्यातला खोकल्यातून उडत नाही. नागरिकशास्त्रात मुलांनी नुकतंच समानतेचं वाचलं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्गातली स्वरदा मामांच्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

“मामा, मी पण येऊ? आईला विचारून आलेय. म्हणजे, आईला सांगून आलेय.”

पुढच्या आठवड्यात चौघं आली. मग सातजण. खोलीत जागा पुरेना, तेव्हा मामा बाहेर गॅलरीत उभे राहू लागले. आतून विकी पायथागोरस समजावत असायचा, तोही चुकीचा, आणि प्रांजल पडल्या पडल्या त्याला दुरुस्त करायची. मामा कठड्याला टेकून ऐकत राहायचे. त्यांना आता कुणी काही विचारत नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रांजल कमरेला पट्टा बांधून परीक्षेला आली. तळमजल्यावरच्या खोलीत तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती. ती पास झाली, वर्गात सहावी आली. तीन मजले चढ-उतर तिला डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून निलेशने कोर्टाजवळ दिंडोशीला लिफ्ट असलेलं घर भाड्याने बघितलं. मे महिन्यात टेम्पो आला.

मामा सामान उतरवायला मदतीला गेले. प्रांजल हळूहळू जिना उतरली, पट्टा बांधून, ताठ. मामांनी तिला वाकून नमस्कार करू दिला नाही.

“वाकायचं नाय तू. डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

“मामा, तिकडच्या शाळेत आठवीला विज्ञान इंग्रजीतून आहे.”

“मग बरं. तू शिक. माका काय कळूचा नाय ते.”

ती हसली. काहीतरी बोलणार होती, पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि शीतलने तिला पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, तशी वनमालाने गॅलरीतून जेवायला हाक मारली.

जूनमध्ये शाळा उघडली. सातवी ‘अ’मध्ये नवी मुलं आली. पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर सहदेवमामा ओलं फडकं घेऊन वर्गात गेले. फळाभर शर्मिष्ठाबाईंचं अक्षर होतं: सूर्य, चंद्र, पृथ्वी, बाणांची वर्तुळं, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ग्रहण कसं लागतं त्याच्या दोन ओळी. मामांनी चष्मा लावला, एक बाक ओढून घेतलं आणि फडकं मांडीवर ठेवून सगळं सावकाश वाचलं. कोपऱ्यातल्या दोन ओळी वाचायला ते उठून जवळ गेले. मग फळा पुसला.