डॉक्टरांच्या गाडीचा सेन्सर

गॅरेजचा कारभार मी मुलीच्या हाती सोपवला आहे, हे आमच्या गिऱ्हाइकांच्या अजून पचनी पडले नव्हते. गाडी तिच्यापुढे उभी करायची, तक्रार तिला सांगायची, आणि तिने उत्तर दिले की मान वळवून मला विचारायचे, "काका, तुम्हाला काय वाटतं?" मी तोंड उघडले की गॅरेज पुन्हा माझे होई. तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाची ही खोडच असते; कोणी प्रश्न टाकला की उत्तर जिभेवर तयार. म्हणून त्या दिवशी मी मनाशी पक्के केले होते, की काही झाले तरी बोलायचे नाही. आज मी बोललो, तर तिचा शब्द या छपराखाली कधीच शेवटचा ठरणार नाही.

नेमके त्याच दिवशी दंतवैद्य आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. त्यांनी हौसेने नवा एक्झॉस्ट बसवून घेतला होता. चार सिलिंडरांतून निघणाऱ्या चार लांब, चकचकीत नळ्या खाली येऊन एका जाड नळीत मिळत होत्या. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे मोजणारा सेन्सर त्या जाड नळीवर होता. तेव्हापासून डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझत नव्हता, गाडीला पेट्रोलचा वास येत होता, आणि सेन्सर बदलूनही गुण नव्हता.

"उद्या क्लबच्या गाड्या ट्रॅकवर उतरणार," डॉक्टर वैतागून म्हणाले. "हे काढा आणि जुनंच बसवा, ताई. हौस फिटली माझी."

"फिटायला गाडी चाललीय कुठे अजून?" असे म्हणत मुलीने गाडी लिफ्टवर चढवली, खालून दिवा मारला आणि लगेच बोट ठेवले. "हे बघा. सेन्सर नळीच्या पोटात, अगदी तळाला बसवलाय. इंजिन थंड असताना नळीत पाणी धरतं, ते इथेच साठतं. सेन्सर आतून तापलेला असतो. त्यावर थेंब पडला की आतली सिरॅमिक तडकते. गरम चहावर बर्फ चावू नका, असं तुम्हीच पेशंटला सांगता ना?"

"मग आता?"

"तळाचं भोक बंद करायचं. वरच्या अंगाला नवं पाडायचं आणि सेन्सर तिरका बसवायचा, म्हणजे पाणी त्याच्यावर थांबणार नाही. पण चारही नळ्या मिळाल्यानंतरच. एकाच नळीत बसवला तर तो एकाच सिलिंडरचं गाऱ्हाणं ऐकेल."

डॉक्टरांची मान वळलीच. "काका, नव्याकोऱ्या नळीला भोक?"

"मला काही दिसत नाही हो. चष्मा घरी राहिला."

"नाकावर आहे की तुमच्या!"

"हा वाचायचा."

मुलीने हसू दाबले आणि ड्रिल उचलले. भोक पाडताना तिचा हात कचरला नाही. सेन्सर आवळण्यासाठी आटे पाडलेली कडी तिने नळीवर ठेवली, मागे सरकून कोन पाहिला, केसभर फिरवली आणि मगच वेल्डिंगची टॉर्च पेटवली. थंड झाल्यावर मी जवळ जाऊन ते पाहिले. सारख्या अंतराने पडलेल्या बारीक लाटा कडीभोवती फिरून एकमेकींना मिळाल्या होत्या. माझ्या परीक्षकाने असे वेल्डिंग पाहिले असते, तर चुकांवर खुणा करायचा खडू खाली ठेवला असता. गाडीतला सेन्सर तपासून, तो शाबूत आहे अशी खात्री करून तिने तोच नव्या जागी बसवला, गाडीच्या संगणकातली दिव्याची नोंद पुसली, आणि डॉक्टर चक्कर मारायला गेले.

परत आले तेव्हा दिवा पुन्हा पेटलेला होता. गाडीतून उतरून ते तडक माझ्याकडे आले.

"आता तरी सांगा काका. तुमची इतकी वर्षं गेली यात."

उत्तर माझ्या ओठांवर होते. नळ्यांचा जोड इंजिनपासून फार लांब आहे, धूर तिथवर थंड होतो, सेन्सर वर एखाद्या नळीत घ्या. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दातांवर दात दाबून धरले. दंतवैद्यांना ते दिसले असावे.

मुलीने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती सेन्सरच्या तारेवरून बोटे फिरवत निघाली होती. मध्येच थांबून तिने वरचे काळे आवरण कापले. आत कथील वितळवून केलेला सोल्डरचा जोड होता, आरशासारखा गुळगुळीत.

"ही तार कुणी वाढवली?"

"मी!" डॉक्टरांची छाती फुगली. "सेन्सर खाली आला ना, तार पुरेना. प्रत्येक नव्या सेन्सरची तार दवाखान्यात बसून, भिंगाखाली जोडलीय. आहे कुठे खोट?"

"अजिबात नाही. तीच तर पंचाईत आहे. हा सेन्सर धुराची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. ती हवा तो या तारेच्या धाग्यांमधल्या फटींतून ओढतो. तुम्ही एकही फट शिल्लक ठेवली नाहीत."

डॉक्टर खो खो हसत सुटले. "म्हणजे मी दात समजून त्याचं नाक भरलं!"

मला हे नवीन होते. आमच्या शिक्षणाच्या काळात गाड्यांना हा सेन्सरच नसे. आणि मी सुचवणार होतो तो उपाय दिवा विझवणारा नव्हता, उलट तिची अचूक जागा मोडणारा होता.

तिने तो देखणा जोड छाटून टाकला, तारेची टोके सोल्डरविना, धातूच्या नळकांडीत दाबून जोडली, दिव्याची नोंद पुन्हा पुसली आणि या वेळी शेजारी स्वतः बसून गेली. गाडी परत आली ती एका लयीत गुरगुरत. दिवा विझलेला होता. पेट्रोलचा वास गेला होता.

डॉक्टर उतरले आणि लगबगीने आमच्याकडे आले. मी मुलीच्या पुढे उभा होतो. सवयीने मी घसा खाकरला.

"काका, जरा सरकता का?" ते म्हणाले. "उद्या ट्रॅकवर गाडी कशी तापवायची, ते ताईंना विचारायचंय."

इतक्या आनंदाने मी आयुष्यात क्वचितच बाजूला झालो असेन.